रशीदभाईच्या घरची दहावी

निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात लोक मला हमखास विचारतात, "तुमच्या शाळेचा दहावीचा निकाल किती लागायचा हो, मॅडम?" मी आकडा सांगते. समोरचा मान हलवतो आणि ताटातल्या भाताकडे वळतो. आकडा वाईट नव्हता, पण मिरवण्यासारखाही नव्हता. त्या आकड्यात कोणकोण होतं, हे ऐकायला मांडवात कोणाला वेळ नसतो. म्हणून इथे लिहिते.

आमची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेचं हायस्कूल. दारव्ह्याहून जीपनं अर्ध्या तासावरचं मोठं बाजाराचं गाव, आणि गावाबाहेर नाल्यापलीकडे शाळा. मी गणित शिकवत असे. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती, म्हणून तो पदभारही माझ्याकडेच आला. पदभार म्हणजे पगार तोच, फक्त शिव्या दोन खुर्च्यांच्या खायच्या.

गावात ज्याच्या दारात चारचाकी आली, त्याचं पोर दारव्ह्याच्या इंग्रजी शाळेत गेलं. ज्याच्याकडे मोटारसायकल होती, त्यानं संस्थेच्या शाळेत नाव घातलं. आमच्याकडे उरली पायी येणारी पोरं. जवळच्या दोन तांड्यांवरची बंजाऱ्यांची, बौद्ध वस्तीतली, शेतमजुरांची, आणि मोहल्ल्यातली. मोहल्ल्यातल्या मुली आठवीत आमच्याकडे येत, कारण गावातली उर्दू शाळा सातवीलाच संपायची. तांड्यातली मुलं घरी गोरबोली बोलत, मोहल्ल्यातली हिंदी, बाकीची आपली वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी कोणाच्याच घरची नव्हती. दरवर्षी संगणकावर माहिती भरावी लागे, कोणत्या प्रवर्गाचे किती, मुली किती, अल्पसंख्याक किती. ती मी भरायची. पण घरी कोणती भाषा बोलता, हे मी पहिल्याच दिवशी वर्गात विचारून घ्यायची. गणितातला प्रश्न पोराला येत नाही की प्रश्नाची मराठी येत नाही, हे आधी कळायला हवं ना. निम्म्या वेळा मराठीच आडवी यायची.

निकाल वाढवायची एक सोपी युक्ती आमच्या धंद्यात आहे, तीही सांगून टाकते. जे पोर नापास होईल असं वाटतं, त्याला दिवाळीच्या आतच बाहेर काढायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचं. म्हणजे ते पोर बाहेरून परीक्षा देतं. ते पास झालं तर आनंद, नापास झालं तर तुमच्या शाळेच्या टक्क्यांना धक्का नाही. एका शाळेचे मुख्याध्यापक मला प्रेमानं म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही उगाच जीव जाळता. दहा पोरं बाजूला करा, शंभर टक्के लागलाच समजा."

मी हे आमच्या मेश्राम सरांना सांगितलं. मेश्राम सर मराठी शिकवत. आवाज खणखणीत, डोकं गरम. ते म्हणाले, "माह्या बापाले त्याच्या मास्तरनं असंच बाजूले केलं असतं, तर मी आज कोनाच्या तरी वावरात कापूस वेचत असतो. आपल्याले नाही पाहिजे ते शंभर." विषय तिथेच संपला.

आता ज्या वर्षाचं सांगायचं, ते माझ्या नोकरीचं शेवटून दुसरं वर्ष.

दसरा झाला आणि तांड्यावरून माणसं ऊसतोडीला निघायला लागली. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एक तोडतो, एक मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकात चढवतो. चार-पाच महिने सगळा संसार तिकडे सांगलीकडे उसाच्या फडात. मागे तांड्यावर उरतात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. माझ्या दहावीच्या वर्गातली बाकं तेव्हा अशी रिकामी व्हायची की हजेरी दोन मिनिटांत आटपायची.

एका सकाळी उत्तम राठोड ऑफिसच्या दारात उभा राहिला. त्याची काजल दहावीत होती. गणितात हुशार, बोलायला कमी. फळ्यावर आकडेमोड करताना ओठ हलायचे, कारण पाढे ती गोरबोलीत म्हणायची.

"मॅडम, पोरीले घेऊन जातो," तो म्हणाला. "तिची माय कमरेतून गेली. मोळी उचलत नाही तिच्यानं. पोरगी नसन तर कोयता पुरा होत नाही."

"उत्तमभाऊ, दहावीचं वर्ष आहे."

"मले का समजत नाही? पन ठेवू कुठं? घरी कोनी नाही. एकट्या पोरीले कोनाच्या भरोशावर सोडू?"

हंगामी वसतिगृह होतं, पण ते लहान वर्गांसाठी. मी म्हटलं, यवतमाळला माझ्या घरी राहू दे, मी रोज सोबत आणीन, सोबत नेईन.

"यवतमाळले मी कोनाले वळखतो, मॅडम? तुमी चांगल्या हा. पन शहरात नाही ठेवत."

त्याचं चूक नव्हतं. वयात आलेल्या पोरीचा बाप होता तो.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, काजल हमारे घर रहेगी तो?"

सानिया. डस्टर घ्यायला आली होती आणि सगळं ऐकत उभी होती. सानिया बस स्टँडवरच्या रशीदभाई मेकॅनिकची मुलगी. काजलच्या बाकावर बसायची. काजल जितकी गप्प, तितकी ही बडबडी. मोहल्ल्यातलं कोणतंही भांडण ती असं सांगायची की अर्धा वर्ग डबा खायचं विसरायचा. गणितात मात्र पार आडवी.

"तू जा वर्गात," मी म्हटलं. उत्तमच्या मनात काय आलं, ते चेहऱ्यावरून मला कळलं. मुसलमानाच्या घरी पोर ठेवली तर तांडा काय म्हणेल, आणि बंजाऱ्याची पोर ठेवून घेतली तर मोहल्ला काय म्हणेल. शाळेत एका बाकावर बसणं वेगळं आणि एका ताटात जेवणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी नसीम आली. सानियाची आई. तीन वर्षांत पालक सभेला ती एकदाही आली नव्हती. बुरख्याचा नकाब मागे टाकून ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मेडम, रात से लडकी ने दिमाग खा लिया मेरा. बुलाओ उसके बाप को."

उत्तम आला, सोबत बायको जमनाबाई. अंगभर गोंदण, कमरेवर हात ठेवून चालणारी. तिच्या ओच्याला धरून चार वर्षांचा मुलगा.

नसीमनं सरळ विचारलं, "भाई, तुमची पोरगी माझ्या पोरीसंगं झोपन, संगं शाळेत जाईन. माझ्या घरात दुसरा मर्द नाही, सानियाचे अब्बाच हैं. खाने का बोलो. अलग बर्तन रखूं क्या?"

उत्तम ओशाळला. "बर्तन कायले अलग? मटन तुमी बी खाता, आमी बी खातो."

"फिर झगडा किस बात का?"

"झगडा नाही जी..." तो घुटमळला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "रशीदभाई तर चांगला मानूस हाय. माही गाडी दोनदा त्यानंच जित्ती केली."

तरी कोयत्याचा प्रश्न होताच. आम्ही सगळे जमनाबाईकडे पाहत होतो.

"म्या तोडीन," ती म्हणाली. "कंबर माही हाय. पोरगी राहीन इथं."

एवढंच बोलली आणि उठली.

अशी काजल रशीदभाईच्या घरी राहायला गेली. खोल्या दोन, पुढे गॅरेज. पहिल्या आठवड्यात नसीम मला सांगत आली, "मेडम, ये लडकी खाती ही नहीं. शर्माती है." आठ दिवसांनी सांगत आली की भाकरी काजलच थापते, आणि रशीदभाईला आता घरवालीच्या हातची पोळी आवडेनाशी झाली आहे. तांड्यावर कुजबुज झाली, मोहल्ल्यातही झाली. एका म्हाताऱ्यानं रशीदभाईला गॅरेजवर येऊन विचारलं, ही दुसऱ्याची पोर कशाला गळ्यात? रशीदभाई नटबोल्ट पिळत म्हणाला, "चाचा, इम्तेहान तक की बात है. बाद में आप रख लेना." म्हातारा पुन्हा आला नाही.

आम्ही सकाळी जादा तास घ्यायचो. मेश्राम सर दोघींना निबंध लिहायला लावायचे. काजलचं मराठी वाचून कपाळाला हात लावायचे, आणि सानियाचं वाचून हसायचे, कारण ती बोलायची छान, पण लिहिताना काना, मात्रा, वेलांटी रुसून बसलेली. सराव परीक्षेत दोघीही नापास झाल्या. एक मराठीत, एक गणितात.

त्या वर्षी परीक्षेच्या दिवसांतच रमजान आला. सानिया रोजे धरायची. पहाटे सहरीच्या जेवणाला घर जागं व्हायचं, तेव्हा काजलही उठून पुस्तक घेऊन बसायची. दिवसा ती सानियासमोर पाणी प्यायची नाही. नसीम तिच्यावर ओरडली, "तेरा रोजा है क्या? पी चुपचाप!" काजल पाणी प्यायची, पण मोरीत जाऊन, दार लावून.

मराठीचा, इंग्रजीचा पेपर झाला. गणिताला मधे सुट्टी होती. त्या दुपारी रशीदभाई आणि नसीम दोघंही शाळेत आले. रशीदभाईचे हात तेलकटच होते.

"उत्तमभाऊचा फोन आला," तो म्हणाला. "काजलची अम्मी मोळी घेऊन ट्रकाच्या फळीवरून चढत होती. गिर गई. पाव टूट गया. सरकारी दवाखान्यात हाय. ऑपरेशन बोल रहे."

उत्तम दवाखान्यात बायकोजवळ, आणि लहान पोरगा फडातल्या खोपीत टोळीतल्या लोकांजवळ. तो रडून रडून तापला होता. उत्तमनं रशीदभाईला विचारलं होतं, पोरीला सांगू की नको?

मेश्राम सर म्हणाले, "पेपर होऊ द्या. मग सांगा. आता सांगितलं तर पोरगी गेली समजा." मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर माझ्या तोंडातून बाहेर पडायच्या तयारीत तेच वाक्य होतं.

नसीम म्हणाली, "नहीं सर. जिसकी माँ है, उसी से छुपाऊं? और वो मेरे घर में बैठ के हँस के रोटी खाए? मेरे से नहीं होगा."

आम्ही रशीदभाईच्या घरी गेलो आणि काजलला सांगितलं.

काजल रडली नाही. उठली, खुंटीवरचे कपडे काढून पिशवीत भरायला लागली. "मी गेली असती तर याडी पडली नसती," एवढंच ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा. याडी म्हणजे आई. सानियानं पिशवी ओढली, तिनं परत ओढून घेतली. मी काय समजावणार? तिचं म्हणणं खोटं होतं असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

शेवटी रशीदभाईनं दवाखान्यात फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे जमनाबाई गोरबोलीत बोलत होती. आम्हाला शब्द कळत नव्हते, फक्त सूर. आधी दुखणारा, मग चढत गेलेला, मग चक्क रागावलेला. काजल नुसती ऐकत राहिली. फोन ठेवला आणि पिशवीवरच बसली.

"काय म्हणाली आई?" मी विचारलं.

"शिव्या दिल्या," काजल म्हणाली. डोळ्यांतून पाणी आत्ता आलं. "म्हने, पाय माहा मोडला, तू आपला पेपर काहून मोडतं?"

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "पन लाल्या एकटा हाय तिकडं." लाल्या म्हणजे तिचा भाऊ.

रशीदभाई उठून बाहेर गेला. मला वाटलं गिऱ्हाईक आलं असेल. त्यानं गॅरेजचं शटर ओढलं, हात धुतले, शर्ट बदलला आणि नसीमला म्हणाला, "बच्चे को लाता हूँ."

"रोजा?" नसीमनं विचारलं.

"रास्ते में खोल लूंगा."

यवतमाळहून पुढे एसटी बदलत बदलत तो सांगलीकडे गेला. कधी आयुष्यात त्या बाजूला गेलेला नव्हता. दवाखाना शोधला, खोपी शोधली. उत्तमनं नंतर मला सांगितलं, "मॅडम, त्याले दारात पाह्यलं न मी, अन् मलेच रडू आलं. सख्खा भाऊ तीन दिवस फोन करून राह्यला होता, आला नाही."

गणिताच्या पहिल्या पेपरला काजल गेली तेव्हा रशीदभाई परतलेला नव्हता. दुसऱ्या, म्हणजे भूमितीच्या पेपराच्या सकाळी मी परीक्षा केंद्राबाहेर उभी होते. मुली आत जायच्या तयारीत, आणि रशीदभाई बस स्टँडकडून चालत आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, खांद्यावर लाल्या झोपलेला. काजल धावली. लाल्यानं डोळे उघडले, बहिणीला पाहिलं, आणि तिच्या वेणीला गच्च धरलं. वेणी सोडवायला दोन मिनिटं लागली. मग नसीमनं त्याला घेतलं आणि घंटा झाली.

परीक्षा संपल्यावरही लाल्या त्याच घरी राहिला. ईदला त्याला नवा कुर्ता मिळाला. काजलचे आईबाप हंगाम सोडून परत आले तेव्हा तो आईला ‘अम्मी’ म्हणाला, आणि जमनाबाई हसावं की रडावं अशी झाली.

निकालाच्या दिवशी मी शाळेत संगणकासमोर बसले होते. काजल पास, चांगल्या गुणांनी. मराठीत जेमतेम, पण पास. सानिया गणितात नापास.

दोघी माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. मी आकडे वाचले. सानियानं एकदा खिडकीबाहेर पाहिलं, मग काजलला म्हणाली, "चल, पेढे आण. तू पास झालीस ना." काजल तिथेच खाली बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. स्वतःच्या आईचा पाय मोडल्यावर रडली नव्हती, तशी रडली. सानिया तिची पाठ थोपटत होती. नापास झालेली पोर पास झालेलीची समजूत काढत होती. मेश्राम सर खिशातून रुमाल काढत बाहेर व्हरांड्यात गेले.

सानियाशिवाय आणखी दोघं राहिले होते. शाळेचा निकाल शंभराच्या खालीच राहिला. पुढे बैठकीत मला त्याबद्दल ऐकावंही लागलं. मी ऐकलं.

नापास झालेल्यांना जुलैत पुन्हा परीक्षा देता येते. तोवर उत्तमनं तांड्याजवळ मक्त्याचं वावर धरलं होतं आणि काजल निंदणाला जायची. पण निंदण आटोपून, चिखल तुडवत ती रोज गावात यायची, रशीदभाईच्या घरी, सानियाला गणित शिकवायला. एकदा मीही जाऊन बसले. पायथागोरसचं प्रमेय चाललं होतं. काजल म्हणाली, "पाठ नको करू. मोहल्ल्यातलं भांडण सांगतेस तसं सांग. आधी कोण होतं?"

"आधी एक त्रिकोन होता," सानिया म्हणाली.

"बरा होता का?"

"काटकोनात होता बिचारा. फिर ऊपर से एक लंब आया..."

"अन् मग?"

"फिर क्या! घर के दो टुकडे हो गए ना. पर दोनों की शकल पूरे घर जैसी!"

मी पदर तोंडाला लावून हसत होते. लाल्या मधेच येऊन दोघींच्या मधे बसायचा, त्याला उचलून बाजूला ठेवलं की पुन्हा यायचा. सिद्धता शेवटपर्यंत बरोबर आली.

सानिया जुलैच्या परीक्षेत पास झाली. काठावर, पण पास. नसीमनं फोन केला. म्हणाली, "मेडम, हो गई." त्या घरातली दहावी पास झालेली ती पहिलीच बाई.

जुलैचा हा निकाल शाळेच्या मार्चच्या टक्क्यांत धरत नाहीत. कागदावर सानिया आमच्या शाळेची नापासच राहिली.

आणि सगळं काही असं गोड झालं नाही. त्याच वर्षी तांड्यावरून दहावीतल्याच दुसऱ्या दोन मुली उसाला गेल्या. त्यांच्यासाठीही मी तांड्यावर चकरा मारल्या, पण त्यांच्यासाठी कोणाच्या घराचं दार उघडलं नाही. एकीचं फडातच लग्न जमलं. ती मागे बाजारात भेटली, कडेवर मूल. "मॅडम, वळखलं का?" म्हणाली. ओळखलं. वर्गात ती दुसऱ्या बाकावर बसायची, खिडकीकडून. तिची आठवण आली की सगळ्या टक्क्यांचा मला वीट येतो.

निवृत्त झाल्यानंतर काही महिन्यांनी पेन्शनच्या कामासाठी मी शाळेत गेले होते. परत जायला स्टँडवर उभी होते. दारव्ह्याची जीप आली, खच्चून भरलेली. मी मागे सरले, पुढच्या जीपनं जाऊ म्हटलं. तर मागच्या दारातून हाक आली, "मॅडम! या न, जागा हाय!"

जागा कुठली? पण काजल आणि सानिया दोघी कॉलेजला निघाल्या होत्या आणि ऐकेनात. सानियानं आपली जागा मला दिली आणि सरळ काजलच्या मांडीवर जाऊन बसली.

"काय घेतलंय कॉलेजात?" मी विचारलं.

"सायन्स," काजल म्हणाली.

"आर्ट्स," सानिया म्हणाली. "गणित से तौबा, मॅडम."

जीप सुटली. खड्ड्यात आपटली तशी काजल कळवळली. "उठ न वं, मांडी दुखून राह्यली माही."

"दारव्हा येईपर्यंत सोस," सानिया म्हणाली आणि आणखी रेलून बसली.